पडद्याची शेवटची गाठ

चाचा गेले त्याला वर्ष व्हायला आलं, तरी आमच्या सिनेमाच्या पडद्याची शेवटची गाठ कुणी मारत नव्हतं. मारायची न्हाय असं कुणी ठरवलं नव्हतं. मालक काय बोलले न्हाईत, गडी काय बोलले न्हाईत. पडदा गुंडाळायचा, वरून दोर आवळत आणायचे, आन् खाली दोराची दोन टोकं राहिली की ती नुसती आत खोचून बाजूला व्हायचं. ती गाठ चाचांची. चाचा उमरग्याच्या कब्रस्तानात हायेत हे सगळ्यांना माहीत होतं. तरी गाठ त्यांचीच.

आमचा तंबूतला सिनेमा. आज कळंब, पंधरवड्यानं येडशी, मग उमरगा, असा बैलगाड्यांवरून फिरायचा. मालक उमरग्याकडचे, कपाळाला भस्माचे पट्टे. देवाशी कानडीत बोलायचे, गड्यांशी मराठीत, आन् पोलीस आला की उर्दूत. मी तिथं भोंग्यावर होतो. टांग्यात बसून गावभर ओरडायचं, आज रातीला कुठला खेळ, त्यात कोण रडतंय, कोण मरतंय. माझ्या पहिल्या दोन यत्ता उर्दूत झाल्या, मग निजामाचं राज गेलं आन् तिसरीपासून फळ्यावर मराठी आली. मास्तर तेच, छडी तीच. मी दोन्ही भाषांत मास्तरांची नक्कल केली आन् दोन्ही भाषांत मार खाल्ला. पुढं त्याच नकलांवर मालकांनी मला ठेवून घेतलं. मशीन तापेपर्यंत लोकांना हसवत बसायचं, हे माझं दुसरं काम.

चाचा आमचे खलाशी. तंबू उभा करणाऱ्याला खलाशी म्हणतात, पण चाचा खरोखरचे खलाशी होते. तरुणपणी मुंबईच्या बंदरात शिडाच्या गलबतांवर होते. तिथं पुढच्या बाजूला एक तिरकं शीड असतं म्हणं. ते नको असलं की गुंडाळायचं आन् वादळ यायच्या आत त्याच्यावर दोराचे फेरे आवळायचे. एका कोपऱ्यात जरी वारं शिरलं तरी शीड उलगडतं, आन् ते उलगडलं की डोलकाठी घेऊन जातं. हे सगळं चाचांनी समुद्रावरून उचललं आन् आमच्या माळावर आणून लावलं, जिथं घागरभर पाण्याला दोन कोस जावं लागायचं.

आमचा पडदा तंबूच्या तोंडासमोर दोन उंच डांबांच्या मधी उघड्यावर असायचा. वरच्या तारेला कड्या, कड्यांना पडदा. खेळ नसला की तो सरकवून डाव्या डांबाशी आणायचा, एका लांब बांबूभोवती गुंडाळायचा आन् तो गुंडाळा डांबाला टेकवून उभा करायचा. डांबाच्या डोक्यावरून दोन दोर खाली सोडलेले असायचे. दोन गडी एकेक दोर धरून डांबाभोवती गोल फिरायचे, पडदा ज्या अंगानं गुंडाळला त्याच अंगानं, म्हणजे वाऱ्यानं ओढलं तर फेरा आणखी आवळतो. वरनं खाली फेरे यायचे. आन् चाचा खोक्यावर बसून आवाज द्यायचे.

"चलोऽ... कसो. चलोऽ... कसो."

चलो म्हटलं की चालायचं, कसो म्हटलं की दोघांनी एकदम मागं रेलायचं. एकट्यानं आवळलं तर गुंडाळा एका अंगाला वाकतो आन् दुसऱ्या अंगाला पोकळी राहते. "हवा कू उंगली डालने जगा नको देना," चाचा म्हणायचे. शेवटी टोकं खाली आली की ते उठायचे, डांबाशी उकिडवे बसायचे, एक टोक दातात धरायचे, दुसरं बोटांत फिरवायचे, आन् गाठ मारून गुंडाळ्यावर थाप द्यायचे. "सो जा बेटा."

मी समोर बसून हे रोज बघायचो आन् रोज त्यांचीच नक्कल करायचो. खोकला, उकिडवं बसणं, दातातला दोर, थाप, सगळं. लोक हसायचे, पण सगळ्यांत जास्त चाचा हसायचे. हसता हसता त्यांना ठसका लागायचा आन् मी तो ठसकापण उचलायचो. "हराम्या, मेरे कू मेरेच घर में जगा नै रखा तू," म्हणायचे, आन् परत म्हणायचे, "फिरसे कर."

मग कळंबला बाजाराच्या दिवशी वारं आलं. मी टांग्यात, गावात ओरडत होतो. मला नंतर कळलं. फेरे आवळून झाले होते, चाचा खाली बसून गाठ मारत होते, तेवढ्यात डांब बुडापाशी कडकडला. गडी पळाले. चाचा न्हाय पळाले. पडदा दोन्ही हातांनी धरूनच बसले होते, असं जो तो सांगत होता. डांब त्यांच्यावर आला.

त्यांच्या जागी त्यांचा मुलगा आला. उमरग्याला सायकलींचं पंक्चर काढायचा, ते सोडून आला. माझ्याच वयाचा, बोलायला कमी. डांबावर असा चढायचा की माकडानं लाजावं. बापाचे दोर घेतले, मेखा ठोकायचा मोठा हातोडा घेतला, पण आवाज दिला न्हाय. आन् गाठपण मारली न्हाय. तो मारत न्हाय म्हटल्यावर बाकीच्यांनी काय म्हणून मारावी.

ते वर्ष कसं गेलं ते नीट सांगता येत न्हाय. दोर आवळायची वेळ झाली की दोन गडी खोक्याकडं न बघता दोर उचलायचे. दोघं फिरायचे, आन् कुणी काय म्हटलं नसताना दोघं एकदम मागं रेलायचे. त्या क्षणाला प्रत्येकाला कानात ऐकू आलेलं असायचं. चाचांच्या खोक्यावर कुणी बसायचं न्हाय. एक बाई तंबूत झाडायला यायची, तिनं एकदा ते खोकं पालथं करून त्यावर बादली ठेवली, तर मालकांनी स्वतः उठून बादली खाली ठेवली. कधी कधी खोक्यावर अर्धी विडी दिसायची. कोण ठेवायचं कुणी विचारलं न्हाय.

मी चाचांची नक्कल बंद केली होती. पण नक्कल बंद करणं आपल्या हातात असतं, आवाज बंद करणं नसतं. तो गळ्यात बसूनच होता. उमरग्याला एकदा भोंग्यावर मी सरळ माझ्या आवाजात बोलत होतो, बायकांना बसायची सोय वेगळी हाय वगैरे, आन् मधीच ठसका लागला. माझा नव्हता तो. पलीकडं चाचांचा मुलगा तार ताणत होता, त्याच्या हातातनं पक्कड पडली. तो माझ्याकडं बघत उभा राहिला. मी भोंगा खाली ठेवला. त्यानंतर एकदा घरी गेलो तर आमच्या आईनंपण विचारलं, मी चुलीपाशी भाकरी खात होतो, "कोण खोकलं रं?" मीच, म्हटलं. ती म्हणली, "तुझा न्हाय तसला खोकला."

त्या वैशाखात आमी येडशीला स्टेशनाजवळच्या रानात उतरलो. दुपार टळून गेली होती. मी टांग्याची वाट बघत कनातीच्या सावलीत बसलो होतो. रामलिंगच्या डोंगराकडनं आभाळ जांभळं व्हायला लागलं. गरम वारं एकदम थांबलं. स्टेशनात छोटी गाडी उभी होती, तिचं इंजिन एवढं स्पष्ट ऐकू यायला लागलं की ते जणू तंबूतच आलंय.

मालक बाहेर आले. डोंगराकडं बघितलं, मग पडद्याकडं. पडदा सकाळपासनं गुंडाळलेला होता, दोर आवळलेले, टोकं खोचलेली.

"घट्ट हाय ना?" मालकांनी विचारलं.

"हाय की," एक दोरवाला म्हणला. "रोजच्यासारखाच हाय."

"रोजचं वारं न्हाय हे," मालक म्हणले.

चाचांच्या मुलानं खाली वाकून टोकांकडं बघितलं. हात पुढं केला. मला वाटलं आता गाठ मारतो. पण त्यानं टोकं आणखी थोडी आत ढकलली आन् तो उठला.

वारं आलं ते धुळीची भिंत घेऊनच आलं. पहिल्या दणक्यात कनात आडवी झाली. दुसऱ्याला खोचलेलं एक टोक बाहेर आलं, मग दुसरं. सगळ्यांत खालचा फेरा सैल झाला, त्यावरचा सैल झाला, आन् वाऱ्यानं तिथंच बोट घातलं. पडद्याचा खालचा कोपरा सुटला आन् फटाफट वाजायला लागला, कुठल्यातरी मोठ्या पाखरानं पंख झाडावेत तसा. एकेका झटक्याला डांब वाकायचा आन् ताणाचे दोर मेखांना उपसायचे.

"वरून कापतो," चाचांचा मुलगा म्हणला. विळा दातात धरला आन् तो चढला. कड्यांपासनं पडदा आन् डांबाच्या डोक्यावरचे दोर कापले की पडदा उडून गेला असता, पण डांब वाचला असता.

"काप, काप, जाऊ दे पडदा," मालक खालनं ओरडत होते. "पडदा नवा आणू."

तो वर पोचला आन् त्याच वेळी एका ताणाची मेख उपटली. डांब हातभर झुकला. विळा त्याच्या तोंडातनं खाली आला आन् मातीत रुतला. त्यानं दोन्ही हातांनी आन् पायांनी डांबाला मिठी मारली आन् डोळे मिटले. दोघं-तिघं सुटलेल्या ताणाला लोंबकळले. वरनं तो कापत न्हाय, आन् उतरतपण न्हाय. पडदा आणखी उघडला की डांब जाणार होता, त्याला घेऊन.

"उतर रे," मालक म्हणले. "अरे बाबा, उतर."

तो ऐकतच नव्हता. म्हणजे ऐकू येत होतं, पण ते त्याच्यासाठी नव्हतं.

दोन्ही दोरवाले उडत्या टोकांच्या मागं पळत होते. एकानं टोक धरून ओढलं की दुसऱ्याच्या हातातनं पडदा दोर हिसकून घ्यायचा. दुसऱ्यानं ओढलं की पहिला जमिनीवर. मी ओरडलो, "एकदम ओढा, दोघं एकदम." माझ्याच आवाजात ओरडलो. एक दोरवाला वळला आन् म्हणला, "तू गप रे. ही चेष्टा न्हाय." बरोबर होतं त्याचं. माझ्या आवाजाला आजवर कुणी हसण्यापलीकडं काय केलं होतं.

मग ठसका लागला. धूळ गेली असेल घशात. ठसक्याच्या मागनं तो आवाज आला.

"चलोऽ."

दोघं चालायला लागले. त्यांनी वळून बघितलंपण न्हाय. पाय आपोआप डांबाभोवती वळले, ज्या अंगानं वळायला पाहिजे त्याच अंगानं.

"कसो."

दोघं एकदम मागं रेलले. फेरा पडद्यात रुतला. फडफड थोडी बसली.

"चलोऽ... कसो."

मला मी दिसत नव्हतो. खरं सांगतो, मी ते बोलतोय असंपण वाटत नव्हतं. मी खोक्यावर बसलो होतो. कधी बसलो ठाऊक न्हाय. वरचे फेरे जिथंपर्यंत टिकले होते तिथनं नवे फेरे खाली यायला लागले, वारं मधी मधी पडदा फुगवायचं आन् कसो म्हटलं की तो परत बसायचा. भस्माचे पट्टे घामानं वाहत मालक उभे होते, आन् त्यांनी हात जोडले होते. कुणाला, ते मी नंतरपण विचारलं न्हाय.

टोकं खाली आली. दोघांनी ती ताणून धरली आन् माझ्याकडं बघितलं.

ती गाठ मला येत नव्हती. मी कधी शिकलोच नव्हतो. मला फक्त ती मारताना चाचा कसे दिसतात ते येत होतं. म्हून मी तेवढंच केलं. डांबाशी उकिडवा बसलो, एक टोक दातात धरलं, दुसरं बोटांत फिरवलं, कोपर बाहेर काढलं, मान खाली घातली, जसं शेकडो लोकांना हसवायला केलं होतं तसंच, एकही हालचाल न सोडता. डांब माझ्या पाठीमागं करकरत होता. आन् बोटांत काहीतरी आवळलं. गाठ बसली होती. मी हात वर केला आन् गुंडाळ्यावर थाप दिली. तोंडातनं जे यायचं ते आलं, "सो जा बेटा."

वरनं चाचांचा मुलगा उतरला. मेखा परत ठोकल्या गेल्या, ताण ओढले गेले. वारं तासभर होतं. पडदा हलला न्हाय.

दिवस बुडायच्या आत सगळं शांत झालं. त्या दिवशी खेळ न्हाय असं मालकांनी सांगितलं. मी तंबूच्या मागं बसलो होतो, घसा सोलून निघाल्यासारखा झाला होता. चाचांचा मुलगा आला आन् माझ्या शेजारी बसला. माझ्याकडं बघत नव्हता.

"अब्बा," तो म्हणला.

"अब्बा, मेरे कू एक बात बोलो. उस दिन छोडके कायकू नै भागे? सब भागे. तुम एक पडदे के वास्ते बैठे रहे. अम्मी पुछती, मै क्या बोलूं? हमसे जादा था क्या वो पडदा?"

आयुष्यात मला उत्तर सुचलं न्हाय असं कधी झालं नव्हतं. मास्तरांना दिलं, पोलिसांना दिलं, मालकांना तर रोजच. आवाज गळ्यात तयार होता. तो आवाज काहीही म्हणू शकला असता. बेटा म्हटला असता तरी हा रडला असता. माझे ओठ हलले असते तर काय झालं असतं कुणास ठाऊक. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. तो वाट बघत बसला. मग उठून गेला.

सकाळी पडदा वाळवायला उघडायचा होता. दोर रातीला पडलेल्या पावसानं फुगला होता, गाठ सुटेना. एक दोरवाला विळा घेऊन आला तर चाचांच्या मुलानं त्याचा हात धरला. स्वतः खिळा घेऊन बसला. एकेक पदर उचकटत होता. उचकटता उचकटता थांबला. गाठ इकडनं बघितली, तिकडनं बघितली.

"इकडं ये," त्यानं मला हाक मारली. माझ्या नावानं.

मी गेलो.

"ही गाठ बापाची न्हाय," तो म्हणला. "उलटी हाय. मला त्यांनी घरी शिकवलेली, त्यांचा पदर उजवीकडनं यायचा, हा डावीकडनं आलाय. गडी सांगत्यात, तू समोर बसून बघायचास. आरशात बघून केल्यासारखी मारलीस तू."

"व्हय," मी म्हटलं. "असंल."

"म्हणजे काल तूच होतास."

त्याचं तोंड मला बघवेना. रात्रभर त्याच्याकडं बाप होता, आन् आता त्याच्या हातात एक उलटी गाठ होती.

"मीच होतो," म्हटलं. माझा आवाज अगदी बारीक आला, शाळेत पाढे चुकल्यावर यायचा तसा. पण माझा होता.

त्यानं खिळा मातीत खुपसला. "मग तूच सांग. ते का पळाले न्हाईत?"

आता हे मला ठाऊक होतं. काल संध्याकाळी ठाऊक असूनसुद्धा कळलं नव्हतं, कारण त्यानं बापाला विचारलं होतं.

"मी खाली बसलो होतो ना," मी म्हटलं, "डांब मागं वाजत होता. मला ऐकू येत होतं. पण दोर दातात होता, बोटात अर्धी गाठ होती. पळायचं असतं हेच सुचलं न्हाय. पडद्याचं काय मनात नव्हतं. कुणाचंच नव्हतं. गाठ पुरी होईपर्यंत माणूस वर बघतच न्हाय."

"बस?"

"बस. एवढंच."

तो गाठीकडं बघत राहिला. मालक लांबनं विचारत होते, सुटली का. मग त्यानं राहिलेला पदर ओढला, गाठ सुटली, दोर गरगर फिरत मोकळा झाला.

"अम्मीला एवढं सांगता येईल," तो म्हणला.

पडदा दुपारपर्यंत वाळला. गुंडाळला. दोघं दोर धरून उभे राहिले, आन् खोक्याजवळ तो स्वतः उभा राहिला. बसला न्हाय. त्याचा आवाज बापासारखा अजिबात नव्हता, पातळ होता, आन् चलो आन् कसोच्या मधी तो लई वेळ घालवायचा, गडी वैतागले. पण फेरे नीट आले. टोकं खाली आल्यावर तो उकिडवा बसला. मी सवयीनं त्याच्या समोर जाऊन बसलो.

"समोर नको," तो म्हणला. "असं बाजूला ये. माझ्या खांद्यापाशी बस, आन् माझ्या हातावरनं बघ."

मी सरकून त्याच्या बाजूला बसलो. त्यानं पदर उजवीकडनं घेतला, हळूहळू, मला दिसेल असा.